इकिगाई: प्रश्न एक, उत्तरं तीन

इंटरनेटवर ‘इकिगाई’ (जपानी शब्द; अर्थ साधारण ‘जगण्याचं कारण’) शोधलं की चार वर्तुळं हमखास समोर येतात: आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा. चौघांची गाठ पडते तिथे म्हणे तुमचा इकिगाई! ही आकृती जपानी नाहीच. जीवनहेतू शोधण्यासाठी पाश्चात्त्य देशांत फिरत असलेल्या एका आकृतीत २०१४ साली एका ब्लॉगलेखकाने हा शब्द बसवला, आणि करिअर मार्गदर्शकांचं फावलं. जपानी आजोबांचा इकिगाई परसातले मुळेही असू शकतात. त्यात कमाई असायलाच हवी असं काही नाही.

संशोधकांनी मात्र सरळ प्रश्न विचारला. ईशान्य जपानमधल्या मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात (ओसाका नव्हे) १९९४ मध्ये ४० ते ७९ वयाच्या लोकांना एक प्रश्नावली दिली. त्यात ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’ याला ‘आहे’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ एवढीच उत्तरं होती. मग ४३,३९१ जणांवर सात वर्षं लक्ष ठेवलं. तेवढ्यात ३,०४८ जण दगावले. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला.

आता शंका येणारच: आजारी, बेकार माणूस ‘नाही’ म्हणणारच की! तसं होतंही. म्हणूनच वय, धूम्रपान, मद्यपान, जुने आजार, शिक्षण, नोकरी यांचा हिशेब वजा करून हा आकडा काढला आहे. तरी अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा तपशील: फरक दिसला तो हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांत आणि अपघात-आत्महत्यांसारख्या बाह्य कारणांत. कर्करोगात तो स्पष्ट दिसला नाही. म्हणजे इकिगाई सर्वरोगहारी वगैरे नाही. मानसिक ताण जिथे थेट घात करतो, तिथेच बहुधा त्याचा हात पोचतो.

या विषयावर मूलभूत काम केलं ते मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी, ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावर. कुष्ठरुग्णांना तिथे सक्तीने वेगळं ठेवलं जाई. शरीराने बरे असलेले कित्येक रुग्ण ‘जगून करायचं काय?’ म्हणत, आणि रोगाने पार जखडलेले काही जण मजेत असत. याच बेटावर दृष्टी गमावलेल्या रुग्णांनी १९५३ मध्ये हार्मोनिकाचा वाद्यवृंद उभारला. बोटांची संवेदना गेलेली, त्यामुळे ब्रेल हाताला कळेना. मग काहींनी ब्रेलमधली स्वरलिपी जिभेने चाचपून पाठ केली. ओसाकीच्या प्रश्नावलीत यांची नोंद ‘आहे’, एवढीच झाली असती.