स्वमग्नतेची लवकर तपासणी (कोल्हापूर जिल्हा)

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणामुळे येणारी अवस्था आहे. माणसांशी जोडून घेण्याची आणि आपले म्हणणे पोचवण्याची रीत तिच्यात निराळी असते; वागण्यात तोचतोचपणा आणि आवाज, स्पर्श, चवी यांबाबत कमी-अधिक संवेदनशीलता दिसते. मूल दीड ते तीन वर्षांचे असतानाच तज्ज्ञांकडून याची पाहणी करून घेणे, याला लवकर तपासणी म्हणतात. अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांत खात्रीचे निदान करता येते. प्रत्यक्षात अनेक घरांना हा विषय बालवाडीच्या दारात पहिल्यांदा भेटतो.

मधली वर्षे जातात ती बोलण्याची वाट पाहण्यात. पोरगं अजून बोलत नाही म्हटले की कोल्हापूरकडे उत्तर ठरलेले असते : “बोलंल की! त्याचा बा तर चार वर्षांनी बोलाय लागला.” हे प्रेमाने म्हटलेले असते आणि काही मुलांबाबत खरेही ठरते. उशिरा बोलून पुढे सुरळीत वाढणारी मुले असतातच. म्हणूनच नुसत्या बोलण्यावर नजर ठेवून भागत नाही. बोलण्याच्या आधी बोट पाहावे लागते.

पहिल्या वाढदिवसानंतरच्या काही महिन्यांत मूल हव्या त्या वस्तूकडे बोट करू लागते. पुढची पायरी अधिक महत्त्वाची. रंकाळ्यावर बगळा उडाला की कडेवरचे मूल बोट करते आणि लगेच वळून आजीच्या तोंडाकडे बघते. त्याला बगळा नको असतो. आजीनेही तो पाहिला का, एवढेच हवे असते. हे वळून बघणे स्वमग्न मुलात उशिरा येते किंवा कमी दिसते. असे मूल पुष्कळदा मोठ्या माणसाचे मनगट धरून त्याचा हात बिस्किटाच्या डब्यावर नेऊन ठेवते, पण तोंडाकडे बघत नाही. घरात याचे कौतुक होते, “कसा हाताला धरून नेतोय बघा!” चांदोमामा दाखवणे, काऊ-चिऊचे घास, पदराआडून ‘भॉ’ करणे, हे आपल्याकडचे खेळ नेमके हेच पाहतात. नातू या खेळात सामील होत नाही असे आजीला वाटत असेल, तर ती निरीक्षणे डॉक्टरांपर्यंत शब्दशः पोचली पाहिजेत.

वर्षाचे झाल्यावरही हाकेला ओ न देणे, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून न बोलणे, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, याही खुणा आहेत. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीला कान झाकणारी मुले पुष्कळ असतात. एका खुणेवरून काही ठरत नाही. मात्र आलेले शब्द गेले, आधी टाटा करणारे मूल करेनासे झाले, तर एक आठवडाही थांबू नये.

सुरुवात कानापासून होते. हाक न ऐकणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी आधी करतात. त्यातली ‘बेरा’ मूल झोपेत असताना होते. ती व्यवस्थित आली की घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि इथेच पुष्कळ जण थांबतात. वास्तविक कान चांगले असूनही मूल हाकेला वळत नसेल, तर पुढे जाण्याचे कारण अधिक बळकट होते. यानंतर एम-चॅट ही प्रश्नावली येते : १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, पालकांनी हो-नाही उत्तरे द्यायचे २० प्रश्न. पहिलाच प्रश्न बोटाचा आहे : तुम्ही खोलीतल्या लांबच्या वस्तूकडे बोट केले तर मूल तिकडे बघते का? ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान बालविकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलाशी खेळून आणि पालकांशी सविस्तर बोलून करतात. अनोळखी खोलीत मूल बुजते, म्हणून घरातले जेवताना-खेळतानाचे मोबाईलवरचे व्हिडिओ सोबत न्यावेत.

जिल्ह्यात याची सरकारी वाट अंगणवाडीतून निघते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासतात आणि शंका आल्यास वरच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. कोल्हापुरातले मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सर्वांच्या तोंडी ‘सीपीआर’. दीड वर्षाच्या डोसासाठी मूल आरोग्य केंद्रात येतेच. त्याच दिवशी शंका बोलून दाखवणे सगळ्यांत सोपे. अंतर ही खरी अडचण आहे. चंदगडच्या कुटुंबाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. उसाच्या हंगामात फडावर आलेल्या मजुरांची मुले तर गावाकडच्या अंगणवाडीच्या तपासणीलाही मुकतात आणि इथल्याही. त्यांच्यापर्यंत कुणीतरी चालत जाण्याची गरज सर्वांत मोठी आहे.

डोसाच्या वयातच खुणा नजरेत भरतात, त्यामुळे दोष लसीला दिला जातो. गोवराच्या लसीशी ऑटिझमचा संबंध सांगणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. दुसरा दोष आईला : ती नोकरी करते, तिने मोबाईल दिला. दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन अजिबात नको, हा बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला योग्यच आहे, पण मोबाईलमुळे ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. खुणा पुष्कळदा आईलाच आधी जाणवतात आणि तिलाच गप्प केले जाते, हे फार अन्यायाचे आहे.

‘शिक्का बसेल’ ही भीती निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांची गल्लत करते. निदान घरापुरते राहू शकते. प्रमाणपत्र मागायचे की नाही हे पालक ठरवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ७० पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात. स्पीच थेरपी (बोलण्या-संवादाचा सराव) आणि ऑक्युपेशनल थेरपी (हालचाली व रोजच्या कामांचा सराव) यांसाठी यातल्या कशाचीच वाट पाहावी लागत नाही. शंका असतानाच त्या सुरू करता येतात.

घरात एक मूल स्वमग्न असेल, तर धाकट्या भावंडात ही अवस्था असण्याचे प्रमाण सुमारे पाचात एक आहे. अशा घरात धाकट्याच्या बोटाकडे पहिल्या वाढदिवसापासूनच लक्ष ठेवतात आणि दीड वर्षाला एम-चॅट भरून घेतात.