डीव्हीडी प्लेअरसाठी फाइल का ‘कन्व्हर्ट’ करावी लागे

मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आमच्या गिरगावच्या घरात लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली होती. एका पावसाळ्यानंतर काढली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मुंबईच्या दमट हवेत फिती अशाच जायच्या, म्हणून तबकडी आली तेव्हा इथल्या घरांनी ती चटकन आपलीशी केली. ती पहिली तबकडी मात्र व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली सीडी होती.

व्हीसीडीचं मानक १९९३चं; फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी ठरवलेलं. एमपेग-१ नावाच्या, व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचं चित्र, आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या टीव्हीसाठी ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका सीडीवर ७४ मिनिटं. हिंदी सिनेमा दोन-तीन सीडींवर यायचा आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात उठून तबकडी बदलावी लागायची.

डीव्हीडीचं मानक १९९५च्या अखेरीस पक्कं झालं आणि पुढच्या नोव्हेंबरात जपानमध्ये पहिले प्लेअर विकायला आले. एका थरावर ४.७ जीबी, चित्र एमपेग-२ पद्धतीचं, पॅलमध्ये ७२० बाय ५७६, म्हणजे व्हीसीडीच्या चौपटीहून थोडं जास्तच. फरक नुसत्या डोळ्यांना कळायचा. नऊवारीचा काठ पहिल्यांदा नीट दिसला.

टीव्हीखालचा हा प्लेअर संगणक नव्हता, ही गोष्ट त्या काळी फार कमी जणांना समजावून सांगितली गेली. त्याच्या आतल्या चिपला ठरावीक पद्धतीचं चित्र, ठरावीक आवाज आणि तबकडीवरची ठरावीक मांडणी एवढंच कळे. व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, त्यात व्हीओबी फाइली, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची, आणि कुठलं प्रकरण कुठून सुरू होतं हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली. एव्हीआय ही संगणकावरची व्हिडिओ फाइल नुसती डीव्हीडीवर टाकली की प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणायचा, आणि लोक दुकानात येऊन कोऱ्या तबकडीला दोष द्यायचे.

आणि फाइली तर एव्हीआयच असायच्या. १९९९च्या सुमारास डिव्हएक्स आलं, २००१मध्ये एक्सव्हिड; दोन्ही व्हिडिओ आणखी दाबणाऱ्या पद्धती. सबंध सिनेमा ७०० एमबीत, एका सीडीत मावू लागला. तो प्लेअरवर लावायचा तर नीरो किंवा टीएमपीजीएन्क अशा सॉफ्टवेअरमध्ये घालून पुन्हा एमपेग-२ करायचा, म्हणजेच ‘कन्व्हर्ट’ करायचा. पेंटियम ४वर रात्री लावलेलं काम सकाळी दूध येईपर्यंत चालू असायचं. ७०० एमबीची फाइल फुगून ४ जीबी झाली की चित्र सुधारलं असं वाटे. ते कधीच सुधारत नसे. फाइल लहान करताना आधी जे गाळलं गेलं ते परत येत नाही. वर दुसऱ्या गाळणीत आणखी थोडं जातं.

हिशेब साधा होता. दोन तासांचं चित्रण ४.७ जीबीत बसवायचं तर सेकंदाला साधारण ५२ लाख बिट मिळतात, तीन तासांचं असेल तर जेमतेम ३५ लाख. लग्नं तीन तासांचीच असत. सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी असा सगळा मेनू एकाच तबकडीवर हवा असायचा, आणि मग अक्षता पडण्याच्या क्षणी चित्राचे चौकोन व्हायचे. एकदम हजार दाणे हलले की एवढ्या बिटांत ते मावत नाहीत.

कोऱ्या तबकडीचाही घोळ होता. घरी भरायच्या तबकड्यांच्या दोन जाती: डीव्हीडी-आर १९९७ची, डीव्हीडी+आर २००२ची. जुने प्लेअर यातली एक वाचत, दुसरी नाकारत. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत म्हणूनच ‘प्लस देऊ की मायनस?’ हा पहिला प्रश्न असे. कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरवर भरलेली तबकडी फायनलाइज करायची, म्हणजे शेवटी बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी करायची राहिली, तर घरच्या प्लेअरवर ती उघडतच नसे.

एक गुण मात्र मला आजही मोठा वाटतो. डीव्हीडीवरची सबटायटलं अक्षरं म्हणून नव्हे, चित्रं म्हणून साठवली जातात. त्यामुळे प्लेअरला देवनागरी येत नसली तरी मराठी ओळी काना-मात्र्यासकट नीट उमटायच्या. पुढे, २००३पासून, डिव्हएक्स थेट वाचणारे प्लेअर आले, नंतर त्यांना यूएसबीचं भोकही आलं. पण तिथे सबटायटल वेगळ्या मजकुराच्या फाइलीतून येई, आणि बऱ्याच प्लेअरांवर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. शिवाय एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेल्या एमकेव्ही फाइली रूढ झाल्यावर तेही प्लेअर अडले, आणि कन्व्हर्ट करणं पुन्हा सुरू झालं.

आमच्या चुलतबहिणीचं लग्न मिनीडीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल टेपवर चित्रित झालं होतं. त्या टेपवर तासाला सुमारे १३ जीबी मावतात. तीन तासांचे ३९ जीबी दाबून आमच्या हाती एक डीव्हीडी आली. वर्षभराने मूळ टेपा मागायला गेलो, तेव्हा शूटिंगवाल्याने त्या दुसऱ्या लग्नासाठी पुसून वापरल्या होत्या. आता तिच्या लग्नाचं जे काही आहे ते त्या व्हीओबी फाइलींत आहे. गेल्या महिन्यात अख्खा व्हिडिओ_टीएस फोल्डर जसाच्या तसा दोन हार्डडिस्कवर उतरवून घेतला. त्याचा एमपी४ केला नाही; पुन्हा गाळणी नको.