नम्र की नुसतेच भिडस्त?

घरगुती प्रार्थनासभा. पाळकसाहेब एका वचनाचा अर्थ सांगतात आणि सतरंजीवर बसलेल्या एका मावशींना तो पटत नाही. त्यांच्या बायबलात त्या ओळीच्या कडेला पेन्सिलीने काढलेले बारीक प्रश्नचिन्ह मला शेजारून दिसते. पण तेवढ्यात चहा येतो, बिस्किटांची ताटली फिरते आणि बायबल मिटते. जिना उतरताना कुणीतरी म्हणते, "किती नम्र आहेत ना मावशी! कधी उलट बोलायच्या नाहीत." मावशी नम्र असतीलही. पण त्या संध्याकाळी आम्ही पाहिली ती त्यांची भीड होती.

हा घोटाळा व्हायला आपले मराठी बायबलही थोडे कारण आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारले तर उत्तर द्यायला सदैव तयार असा, असे सांगितले आहे. ते उत्तर कसे द्यायचे? रूढ भाषांतर म्हणते, 'सौम्यतेने व भीडस्तपणाने'. मूळ ग्रीक शब्द भयाचा, म्हणजे देवाचा धाक बाळगण्याचा आहे. मराठी कानाला मात्र 'भिडस्त' म्हटले की 'भीड भिकेची बहीण' आठवते आणि नको असलेली वर्गणी देऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. शिवाय त्या वचनाचा सगळा भर उत्तर देण्यावर आहे, गप्प बसण्यावर नाही.

भीड माणसांची असते. समोरच्याला काय वाटेल, आपल्याला काय म्हणतील, एवढाच तिचा हिशेब. नम्रतेचा हिशेब निराळा: खरे काय आहे, आणि ते माझ्यापेक्षा मोठे असेल तर मला कुठे सरकावे लागेल? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींचा आवाज खालचा असतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय या दृष्टीने वाचून पाहा. येशूला बांधून प्रमुख याजकापुढे आणले आहे. शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो आणि विचारतो, प्रमुख याजकाला असे उत्तर देतोस काय? येशू शिवी देत नाही, हात उगारत नाही आणि माफीही मागत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे तो विचारतो. 'मी मनाचा सौम्य व लीन आहे' असे ज्याने स्वतःबद्दल सांगितले, त्याचेच हे शब्द. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे रोमी सुभेदार पिलात विचारतो, सत्य काय आहे? किती विनम्र वाटतो हा प्रश्न! पण तो विचारून पिलात लगेच बाहेर जातो. पुढे या माणसात आपल्याला दोष सापडत नाही असे म्हणतो आणि तरीही त्याला वधस्तंभाच्या हवाली करतो. मार्काचे शुभवर्तमान त्याचे कारण देते: लोकसमुदायाला खूश करायचे होते. (हिंदीत भीड म्हणजे गर्दी, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) 'कोणाला ठाऊक काय खरे' असे म्हणणारे सगळेच नम्र नसतात, काहींना उत्तर नकोच असते.

पण या दोहोंतला फरक सर्वात स्वच्छ दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात. १८८३ साली रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धेत त्यांना सांभाळणाऱ्या. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. पत्राची सुरुवात लाडक्या आजीबाईंनी होई आणि पुढची पाने वादाने भरत.

वाद साधे नव्हते. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त रमाबाईंच्या गळी उतरत नव्हता. आपण येशूला मानतो, पण चर्चने घडवलेले प्रत्येक सूत्र मानायला बांधील नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदुस्थानी पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता पाद्री सांगतील ते सारे देवाची आज्ञा समजून दुसरे तसलेच जोखड घेणार नाही, असे त्यांनी १८८५ साली साफ लिहिले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते योग्य नाही असे कळवले. त्यावर रमाबाईंचा सवाल असा की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानेही कधी हरकत घेतली नाही, मग यांना काय झाले? त्यांनी शाकाहार सोडला नाही, त्यातही सिस्टरना जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी उलट विचारले की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहून आपले खाणेपिणे बदलत नसेल, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले चालेल का?

सिस्टर जेराल्डीनना हा सगळा अहंकार वाटला. त्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. ख्रिस्ती नम्रतेत आज्ञापालन आहेच. फिलिप्पैकरांस पत्रात ख्रिस्ताने 'आज्ञापालन करून स्वतःला लीन केले' असे म्हटले आहे आणि मठाचे सारे जीवन त्याच वचनावर उभे असते. कालपरवा बाप्तिस्मा घेतलेल्या पंचविशीच्या बाईने शतकानुशतकांच्या श्रद्धेची उलटतपासणी करावी, हे त्यांना खटकले तर नवल नाही. रमाबाईंची जीभही धारदार होती. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली, त्यांना आपली बुद्धी ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

तरीही मला हा अहंकार वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या काळात आहे. अहंकारी माणूस वादात हरत नाही आणि वाद संपल्यावर बदलतही नाही. रमाबाई बदलल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ज्याच्यावर तो उभा आहे तो ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या प्रवासाच्या कथनात, जाहीरपणे लिहिले. धर्मांतरामुळे अर्धा महाराष्ट्र ज्यांच्यावर तुटून पडला होता, त्या बाईने आपल्याच हाताने लिहायचे की तेव्हा मुख्य गोष्ट राहूनच गेली होती! विरोधकांच्या हाती आयते कोलीत. भीड असती तर हे वाक्य छापलेच गेले नसते. आणि वाँटेजला भीड धरून सगळ्याला 'हो' म्हटले असते, तर ही कबुली देण्याजोगे काही उरलेच नसते.

दुसरा पुरावा केडगावच्या मुक्ती मिशनमधला, म्हणजे रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या संस्थेतला. दुष्काळातून आणलेल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बायकांना तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर वाटे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. खिळे जुळवणे आणि छपाई मुक्तीतल्याच बायका करत. भाषांतर शब्दाला शब्द आहे, वाचताना जागोजागी ठेच लागते. सुंदर गद्य म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. पण लहानपणापासून भागवत मुखोद्गत असलेली पंडिता तिथे एकही समास मिरवत नाही. मूळ काय म्हणते आणि समोरच्या बाईला काय समजेल, या दोनच गोष्टींपुढे तिने मान तुकवली आहे. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर दोन वर्षांनी बाहेर पडले.

राहता राहिल्या आजीबाई. रमाबाईंची ती पत्रे, स्वतःला सुनावलेले बोल असलेलीसुद्धा, सिस्टर जेराल्डीननी जपली आणि उतारवयात जुळवून ठेवली. १९७७ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली. वाद कोणी जिंकला हे आज आपण ठरवू शकतो, ते त्यांनी हे कागद चुलीत घातले नाहीत म्हणून.