बाबुली मेस्त्रीच्या मागची पन्नास वर्षं

१२ सप्टेंबर २०२५ ला 'दशावतार' प्रदर्शित झाला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात ते बाबुली मेस्त्री झालेत. बाबुली म्हणजे कोकणातल्या जत्रांमधून आयुष्यभर सोंगं काढलेला, नजर अधू झालेला, मुलानं 'आता पुरे' म्हटलं तरी तोंडाचा रंग न सोडवणारा म्हातारा दशावतारी. चित्रपट बघून बाहेर पडणाऱ्या तरुण पोरांच्या तोंडी एकच वाक्य होतं, या वयात यांना हे जमलं कसं?

मला वाटतं, प्रश्न वयाचा नाहीच. ही भूमिका प्रभावळकरांकडे उतारवयात आली हे खरं, पण तिची तालीम पन्नास वर्षं चालू होती.

दशावतारी नट काय करतो ते आधी बघू. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेलगत देवळाच्या जत्रेला मंडळी येते ती पेटारा घेऊन. रंगभूषाकार वेगळा नसतो. नट जमिनीवर मांडी घालून बसतो, आरसा पुढ्यात धरतो आणि स्वतःच्या हातानं स्वतःचा चेहरा रंगवतो. पूर्वरंगात गणपती येतो, संकासुर येतो, मग रात्रभर आख्यान रंगतं. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद उभ्याउभ्या सुचतील ते. बायकांची कामं पुरुषच करतात. हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या साथीवर पहाटेपर्यंत खेळ चालतो, शेवटी दहीकाला होतो आणि सकाळी तोच 'राजा' डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावची वाट धरतो. नटानं स्वतःला पुसून दुसरं कोणी व्हायचं, हा इथला साधा रोजचा व्यवहार आहे. प्रभावळकर मुंबईचे, शिक्षण विज्ञानाचं, पण त्यांचं कामही पहिल्यापासून याच जातीचं.

सुरुवात बालनाट्यातून झाली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये प्रभावळकर चिंची चेटकीण करायचे. अलीकडच्या पिढीनं वैभव मांगले यांची चिंची पाहिली आणि डोक्यावर घेतली. त्या नाटकाला आलेल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांपुढे मात्र सत्तरच्या दशकातली चेटकीण होती. बालनाट्य हे अवघड काम. मोठी माणसं कंटाळली तरी भिडेखातर टाळ्या वाजवतात. मुलं सरळ खुर्चीवर उभी राहून गोंधळ घालतात. तिथे आवाज, चाल, बोटं, भुवया सगळं पणाला लावावं लागतं आणि खोटेपणा एका क्षणात पकडला जातो.

त्याच मतकरींनी १९७४ मध्ये 'आरण्यक' रंगभूमीवर आणलं. युद्ध संपलंय, धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर वनात निघालेत. प्रभावळकर विदुर झाले. वय तिशीचं, भूमिका आयुष्याच्या शेवटाला आलेल्या शहाण्या माणसाची. म्हातारपण बाहेरून चिकटवायचं नसतं, ते श्वासात आणि शब्दांमधल्या थांब्यात असतं, हे त्यांना तेव्हाच कळलेलं असणार. कारण त्यानंतर त्यांनी म्हातारे केले ते सगळे वेगवेगळे. एकाची लकब दुसऱ्यात आली नाही.

मग दूरदर्शन आलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. एकच वाहिनी, कृष्णधवल चित्र, आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी अख्खी चाळ. अशा दिवसांत, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर अवतरले. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ही जोडी वाचकांच्या मनात आधीपासून पक्की बसलेली होती. १९४० साली 'लग्न पहावं करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी चिमणराव करूनही ठेवला होता. इतक्या ओळखीच्या माणसाला नवा चेहरा देणं म्हणजे जोखीमच. प्रभावळकरांची किडकिडीत अंगकाठी, स्वतःच्याच शहाणपणावर भाबडा विश्वास असलेला तो सूर, आणि शेजारी सोटा घेतलेला धिप्पाड गुंड्याभाऊ, एवढ्यावर जोडी अशी काही जमली की आमच्या घरात आजही चिं. वि. वाचायला घेतले की कानात प्रभावळकरांचाच आवाज येतो. १९७९ मध्ये याच जोडीवर चित्रपटही निघाला.

मराठी मालिकेतून घराघरांत पोचलेल्या पहिल्या काही नटांपैकी ते एक. अशा नटाला पुढची वीस वर्षं लोक त्याच नावानं हाक मारतात, निर्मातेही तेच मागतात. पुष्कळांची कारकीर्द अशीच एका भूमिकेत अडकून संपली. प्रभावळकर निसटले, कारण ते चिमणरावाच्या जवळपासही फिरकेनासे झाले. 'वासूची सासू'मध्ये लुगडं नेसून उभे राहिले. साडी नेसलेला पुरुष दिसला की प्रेक्षक हसतोच, त्यात कौतुक काही नाही. इथे थोड्या वेळानं आपण पुरुष बघतोय हेच विसरायला व्हायचं.

नव्वदच्या आसपासचा काळ मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात श्रीमंत वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'मध्ये ते मतिमंद मुलाचे वडील होते, आणि मुलाच्या भूमिकेत अतुल परचुरे. आपल्यामागे या पोराचं काय, या एका विचारानं वाकलेला मध्यमवर्गीय बाप. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, संजय सूरकर यांचा 'चौकट राजा' आला आणि त्यात प्रभावळकर स्वतःच ते मूल झाले. लहानपणीच्या अपघातानंतर बुद्धीची वाढ थांबलेला नंदू. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू एकाच नटानं इतक्या जवळजवळ कराव्यात, हे विरळाच. स्मिता तळवलकरांची मीनल समोर येते तेव्हा नंदूच्या डोळ्यांत ओळख उमटायला जो वेळ लागतो, तो पुन्हा एकदा बघा. आधी ओठ हलतात, मग मान तिरकी होते, डोळे सगळ्यात शेवटी उजळतात. 'एक झोका' हे गाणं कुठेही लागलं तरी माझ्या डोळ्यांपुढे तो उशीर येतो.

त्याच काळात 'हसवाफसवी' रंगभूमीवर आलं. लेखन प्रभावळकरांचंच, आणि एकाच प्रयोगात सहा भूमिकाही त्यांच्याच. विंगेत जायचं, मिनिटाभरात टोप, कपडे, दात, आवाज, चाल बदलायची आणि दुसऱ्या बाजूनं वेगळाच माणूस बाहेर यायचा. प्रेक्षक आधी मोजत बसायचा, हा तिसरा, हा चौथा. मग कृष्णराव हेरंबकर यायचे, संगीत नाटकाचा काळ मागे पडल्यावर उरलेला वृद्ध गायकनट, आणि मोजणं थांबायचं. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस ऐंशीच्या घरातल्या माणसाचा गळा लावतोय. तो गळा थकलाय, तरी सूर नेमका कुठे लागायला हवा ते त्याला ठाऊक आहे. सभागृहात हसून हसून ओले झालेले डोळे पुसायच्या आत वेगळ्याच कारणानं भरायचे. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं.

आणि मग तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ चा. पडद्यावर माणूस म्हणून तात्या थोडा वेळच असतो. मेल्यावर त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि बाहुला म्हणजे रामदास पाध्ये यांची करामत. पण त्या लाकडी चेहऱ्यातून येणारा घोगरा, खुनशी आवाज प्रभावळकरांचा. नंदूच्या निरागस बोलण्यानंतर दोनच वर्षांत त्याच कंठातून 'ओम फट् स्वाहा' आलं आणि एका पिढीनं घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडल्या. मीही कोंडली होती, आणि कपाटाच्या दाराला खुर्ची लावून झोपलो होतो. हा आवाज चिमणरावाचा आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेव्हा विश्वास बसला नाही. २००२ च्या 'एन्काउंटर: द किलिंग' या हिंदी चित्रपटातला त्यांचा पुनाप्पा ज्यांनी पाहिलाय, त्यांना माझं म्हणणं पटेल. त्यांचा खलनायक ओरडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

घरोघरी त्यांना आबा केलं ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे'नं. मूळ लेखन प्रभावळकरांचंच, 'लोकसत्ता'तलं 'अनुदिनी' हे रोजनिशीच्या रूपातलं सदर. २००१ मध्ये केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली तेव्हाच्या अल्फा मराठीवर मालिका सुरू झाली. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. कारस्थानं नाहीत, पुनर्जन्म नाही, विषाची वाटी नाही. कोणाला सर्दी झाली, कोणाची परीक्षा आली, पाहुणे राहायला आले, एवढ्यावर एकेक भाग उभा राहायचा. सत्तावन्न वर्षांचे प्रभावळकर त्यात सत्तरी पार केलेले आजोबा होते. आमच्याकडे तेव्हा आजोबा आजारी होते. टिपरे लागले की ते उशी पाठीशी घेऊन उठून बसायचे आणि 'हा माणूस आपल्यासारखाच खुर्चीतून उठतो' म्हणायचे. मला त्याहून मोठी पावती माहीत नाही.

पुढे 'लगे रहो मुन्नाभाई' आला, २००६ मध्ये. गांधीजी पडद्यावर अनेकदा आले होते, पण एका टपोरीशी गप्पा मारणारे, त्याच्याच भाबडेपणातून उगवलेले गांधी नवे होते. प्रभावळकरांनी गांधींची नक्कल केली नाही. त्यांनी हळू बोलणं आणि ऐकून घेणं या दोनच गोष्टी घेतल्या. याच वर्षासाठी 'लगे रहो मुन्नाभाई' आणि गजेंद्र अहिरे यांचा 'शेवरी' या दोन्ही चित्रपटांतल्या कामाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीवाल्यांना तेव्हा नवा नट सापडल्यासारखं वाटलं. आपल्याकडे त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली होती.

त्यानंतर 'सरकार राज', 'देऊळ', 'पोश्टर बॉईज' अशी कामं होत राहिली. पण 'दशावतार'च्या पार्श्वभूमीत खरी महत्त्वाची आहे ती आदित्य सरपोतदार यांच्या २०१३ च्या 'नारबाची वाडी'तली भूमिका. तिथेही कोकण, तिथेही म्हातारा, तिथेही जमिनीवर दुसऱ्याचा डोळा. नारोबा आज मरेल, उद्या मरेल म्हणून खोत वाट बघतो आणि नारोबा काही मरत नाही. तो आपल्या माडापोफळींत मजेत जगून खोताला हरवतो. बाबुली मेस्त्रीच्या वाट्याला ते हसू नाही. गावात खाणीचं संकट येतं, त्याचं माणूस जातं, आणि आयुष्यभर जत्रेत काढलेली सोंगं तो त्या अन्यायासमोर उभी करतो. नारोबा पाहिल्याशिवाय बाबुलीचा राग पुरता कळत नाही, असं माझं मत आहे. मधल्या बारा वर्षांत कोकणच्या जमिनीचं जे होत गेलं, ते या दोन म्हाताऱ्यांमधल्या अंतरात आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २०१८ मध्ये मतकरींनी 'आरण्यक' पुन्हा उभं केलं. धृतराष्ट्र पूर्वीचेच, रवी पटवर्धन. विदुरही पूर्वीचेच. तिसाव्या वर्षी बोललेली वाक्यं प्रभावळकर आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी बोलत होते. पहिल्या वेळी जे म्हातारपण रंगवून आणावं लागलं होतं, ते या वेळी मेकअपशिवायच अंगावर होतं. मतकरी आणि पटवर्धन दोघेही २०२० मध्ये गेले. विदुर करणारा नट त्यानंतर मालवणी बोली घटवायला बसला आणि पाच वर्षांनी बाबुली मेस्त्री होऊन आपल्यासमोर आला.