सरळ विचारा, फवारणीचं औषध घराबाहेर ठेवा

बीड, परभणी, धाराशिवकडच्या गावांत घरातला माणूस गप्प गप्प झाला की घरच्यांना ते कळतं. पण विचारायला कुणी धजत नाही. नको ती आठवण कशाला करून द्यायची, ही त्यामागची भीती. मायेपोटी आलेली असली, तरी ही भीती अनाठायी आहे. ‘जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार मनात येतो का?’ असं थेट विचारल्यानं आत्महत्येचा धोका वाढतो का, हे संशोधकांनी अनेक अभ्यासांतून तपासलं आहे. वाढत नाही. उलट बोलल्यावर बऱ्याच जणांचं मन हलकं होतं.

थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडलेल्या आत्महत्येविषयीच्या सिद्धांतात दोन भावनांवर भर आहे: आपलं असं कुणी उरलं नाही, आणि आपण घरावर ओझं झालोय. ही दुसरी भावना आपल्याकडे फार दिसते. सोयाबीन हातचं गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, लेकीचं लग्न पुढं गेलं, की कर्ता माणूस म्हणतो, ‘मी नसलो तर यांचं तरी बरं होईल.’ हे बोलणं त्रागा समजून सोडून देऊ नका. कर्ज हे कधीच एकटं कारण नसतं, पण या भावनेला ते खतपाणी घालतं.

जुने आघातही त्यात मिसळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं हजारो माणसं नेली. ज्यांनी आपली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्यांतल्या काहींना अशा आठवणी वर्षानुवर्षं छळू शकतात. बालपणीच्या आघाताचंही तसंच. सतरा हजारांवर प्रौढांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००१) लहानपणी मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला दिसला. तरी धोका वाढणं म्हणजे विधिलिखित नव्हे. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी आघातग्रस्तांसाठी विकसित केलेल्या उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञासोबत टाळलेली आठवण हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगितली जाते. बऱ्याच जणांत तिची धार खरंच कमी होते.

पण उपचार लागू पडेपर्यंतची रात्र कशी काढायची? मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं काम. जीव देण्याच्या तीव्र इच्छेची लाट बहुतेक वेळा काही काळानं ओसरते, म्हणून तेवढ्या वेळापुरता लेखी आराखडा आधीच तयार ठेवायचा. तो रुग्णानं स्वतःच्या शब्दांत, तज्ज्ञासोबत बसून लिहायचा. माझं बिघडतंय हे मला कशावरून कळतं: झोप उडते, जेवण जात नाही, फोन उचलावासा वाटत नाही. मग एकट्यानं काय करता येईल: गुरांना पाणी पाजणं, हरिपाठ म्हणणं. तेवढ्यानं भागलं नाही तर कुठं जाऊन बसायचं: पारावर, बहिणीच्या घरी. मन कुणापाशी मोकळं करायचं, त्याचं नाव आणि नंबर. त्याखाली डॉक्टरांचा नंबर आणि सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत, चोवीस तास चालणारी फोनसेवा: १४४१६. शेवटी, घर सुरक्षित कसं करायचं. २०१८ च्या अमेरिकी अभ्यासात असा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

घर सुरक्षित करण्याचा हा शेवटचा भाग आपल्या भागात सगळ्यात तातडीचा आहे. फवारणीचं औषध घरात नकोच. लागेल तेवढंच आणावं, उरलेलं कुलपात, घरापासून दूर ठेवावं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. आपल्याकडे गावातल्या आशाताईला, कृषी सेवा केंद्रवाल्याला आणि सोसायटीच्या सचिवालाही हे सांगायला हवं. औषधाची बाटली आणि वसुलीची नोटीस बहुतेकदा यांतल्या शेवटच्या दोघांच्याच हातून घरात जाते.