खांब नदीत, खड्डा घाटाखाली

चिक्कोडी-निपाणी भागात राहणाऱ्याला काही जोडनावं आपोआप पाठ होतात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोज-कारदगा. जुलैमध्ये घाटमाथ्यावर दोन-चार दिवस झड लागली, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या, की 'बंधारे पाण्याखाली' या मथळ्याखाली हीच नावं वर्षानुवर्षे छापून येतात. बंधारे मुळात पाणी अडवायचे; वरून माणसं आणि सायकली जातात ती वरची सोय. पाणी चढलं की सोय संपली. शाळेची पोरं, डेअरीला दूध घालणारे, पलीकडच्या शिवारात ऊस असलेले, सगळे लांबच्या रस्त्याने फिरतात. म्हणून गावोगाव मागणी असते की गाड्यांचं नंतर बघू, निदान चालत आणि सायकलवरून जाता येईल असा उंच पूल द्या. ही मागणी मला मनापासून पटते.

पटत नाही ते तिच्यामागून येणारं एक वाक्य. गेल्या जानेवारीत नदीकाठच्या एका गावी घाटाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मागे काळ्या दगडाचं जुनं देऊळ, बाजूला ओवऱ्या, पिंपळाच्या पाराला टेकून ठेवलेले तीन वीरगळ. नवा पूल इथंच कुठंतरी व्हावा अशी चर्चा चालली होती. मी देवळाचा आणि घाटाचा विषय काढला तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, "सर, पायी जायाचा पूल त्यो. हलका असतोय. त्येनं घाटाला काय हुतंय?"

आजोबांचंच काय, शिकल्यासवरल्या लोकांचंही मत हेच असतं. आधी त्यातलं 'हलका' बघू. आपल्याकडे पुलाच्या पायवाटेवर साधारणपणे दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात आणि जत्रेसारखी गर्दी होणार असेल तिथे ५०० किलो. तीन मीटर रुंद आणि ६० मीटर लांब गाळा (दोन खांबांमधला भाग) धरला, तर ५०० च्या हिशेबाने नुसत्या माणसांचे ९० टन होतात. पालखीच्या दिवशी सगळं गाव एकाच वेळी पुलावर उभं राहतं, तेव्हा हे ९० टन कागदावरचे राहत नाहीत.

दुसरी गोष्ट सायकलची. चालणाऱ्याला पायऱ्या चालतात, सायकलला उतार लागतो. पूल महापुराच्या रेषेच्या वर ठेवायचा म्हणून काठापासून पाच मीटर उचलला आणि उतार १:२० ठेवला, तर नुसती चढण १०० मीटरची होते. ती कुठून जाणार? घाटाजवळच पूल हवा असेल तर देवळाच्या पटांगणातून, नाहीतर ओवऱ्यांच्या पाठीला घासून. पुलाच्या सुंदर चित्रात ही चढण बहुधा कोपऱ्यात गेलेली असते.

वारसा-परिणाम मूल्यांकन म्हणतात ते काम इथून सुरू होतं. या जागेचं मोल काय, ते मोल नेमकं कोणत्या वस्तूत, दृश्यात, वापरात आहे, आणि नव्या बांधकामाने त्यातलं काय किती बदलेल, हे तीन प्रश्न आराखडा पक्का होण्याच्या आधी विचारायचे. जागतिक वारसास्थळांसाठी याची रीतसर पद्धत इकोमॉस या स्मारकांच्या जतनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये मांडली. तिची गरज किती आहे याचा धडा आपल्याच राज्यात, कर्नाटकात, मिळाला होता. हंपीत तुंगभद्रेवर दोन झुलत्या पुलांची कामं सुरू झाली. आनेगुंदीचा गाड्यांसाठी होता आणि विरुपापूर गड्डीचा पायी जाणाऱ्यांसाठी. त्यापायी १९९९ मध्ये हंपी युनेस्कोच्या 'धोक्यातील वारसा' यादीत गेलं, ते २००६ मध्ये बाहेर आलं. पादचारी पूल उतरवावा लागला. आनेगुंदीचा पूल जानेवारी २००९ मध्ये काम चालू असतानाच कोसळला, त्यात मजूर गेले. त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्बे नदीवरच्या एका पुलापायी जागतिक वारशाचा दर्जा कायमचा गमावला.

या दोन्ही प्रकरणांत वाद मुख्यतः दिसण्याचा आणि परिसराचा होता. त्यामुळे वारशावरचा परिणाम म्हणजे फोटोत देवळाच्या शिखरामागे लोखंडी मनोरा येतो की नाही एवढंच, असा समज पसरला. दृश्य महत्त्वाचं आहेच. पण नदीकाठच्या घाटाला खरा धोका पाण्याखालून येतो आणि तो कुठल्याच फोटोत येत नाही.

नदीकाठी वाढलेल्या प्रत्येकाने तो तळपायाने अनुभवलेला आहे. गुडघाभर वाहत्या पाण्यात वाळूवर अनवाणी, न हलता उभे राहा. मिनिटभरात पायाखालची वाळू सरकायला लागते, टाच खाली जाते, बोटांपुढे खळगा पडतो. पाय काढून दोन मिनिटांनी बघा, खळगा बुजलेला असतो. आपला पाय म्हणजे पुलाचा खांब, एवढं धरून पुढे जाऊ.

नदीचं पाणी सगळ्या खोलीवर सारख्या वेगाने वाहत नाही. तळाशी दगडवाळूच्या घर्षणाने ते मंद असतं, वर जोरात असतं. हे पाणी खांबाच्या पुढच्या अंगावर आदळून थांबतं, तेव्हा त्याच्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. वेग दुप्पट असेल तर हा दाब चौपट. म्हणजे खांबाच्या तोंडावर वरच्या भागात दाब जास्त आणि तळाशी कमी, अशी स्थिती तयार होते. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारच. त्यामुळे खांबाच्या तोंडाला चिकटून पाण्याचा एक झोत सरळ खाली उतरतो आणि नळाची धार मातीत भोक पाडते तसा तळ उकरतो. उकरलेल्या खळग्यात तो झोत उलटा वळतो, त्याची आडवी गुंडाळी होते. समोरून येणारं पाणी ती गुंडाळी खांबाच्या दोन्ही बगलांनी मागे ओढून नेतं. वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेसारखा आकार दिसेल, म्हणून त्याला नालाकृती भोवरा म्हणतात. हा भोवरा वाळू उचलतो, खांबामागे उभे फिरणारे दुसरे भोवरे ती पुढे फेकतात. खड्डा खोल होत जातो, आणि आत येणारी व बाहेर जाणारी वाळू सारखी झाली की थांबतो. इंजिनिअर या सगळ्याला 'स्कावर' म्हणतात. मला विचाराल तर पुलाच्या शास्त्रातली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे. पोलाद नको, गणित नको, नुसत्या पाण्याच्या दोन थरांतल्या वेगाच्या फरकातून ही खणाखणी होते.

किती खोल? वाळूच्या तळात सडपातळ खांबाभोवतीचा खड्डा खांबाच्या रुंदीच्या साधारण २.४ पटीपर्यंत जाऊ शकतो. दीड मीटरच्या गोल खांबाला ३.६ मीटर. वाळू उभी राहत नाही, तिचा कड जेमतेम ३० अंशांत ढासळतो, म्हणून खड्ड्याचं तोंड खांबापासून सहा-सात मीटरपर्यंत फाकतं. जुन्या घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीचा पाया या सहा-सात मीटरच्या आत आला, तर पूल पायरीला न शिवताही पायरीखालची माती नेतो.

यात नदी आणखी दोन गुंते घालते. लांबट, भिंतीसारखा खांब उन्हाळी प्रवाहाच्या रेषेत बांधला, पण महापुरात नदी वळण सोडून सरळ धावली आणि पाणी खांबावर तिरकं आलं, तर खड्डा वाढतो. रुंदीच्या चौपट लांब खांबावर पाणी ३० अंशांनी तिरकं आलं, तर खोली जवळजवळ दुप्पट होते. गोल खांबाला ही बाधा नाही. दुसरा गुंता आपल्या नद्यांचा खास: जलपर्णी, उसाचं पाचट, मुळासकट आलेली बाभळ. हे सगळं खांबाला अडकून बसलं की दीड मीटरचा खांब नदीच्या लेखी चार मीटरचा होतो.

नदीच्या सबंध तळाचा हिशेब वेगळा करावा लागतो. त्यासाठी लेसी नावाच्या इंजिनिअरचं सूत्र वापरतात: पात्राच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला जाणाऱ्या पाण्याच्या घनमीटरांचा वर्ग करायचा, त्याला गाळाच्या गुणांकाने (तळातला गाळ किती जाडाभरडा आहे ते सांगणाऱ्या आकड्याने) भागायचं, घनमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. पाणी १० घनमीटर आणि गुणांक १ धरला तर १०० चं घनमूळ ४.६४, गुणून ६.२ मीटर. खांबापाशी याची दुप्पट धरतात, म्हणजे पुराच्या पाणपातळीपासून सुमारे साडेबारा मीटर खाली. सूत्र जुनं आहे, कालव्यांच्या अभ्यासातून आलेलं आहे, पण आपल्याकडचे पूल अजून त्यावर उभे राहतात. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी साडेबारा मीटर एवढाच आकडा लक्षात ठेवावा.

आता पायाने अनुभवलेली दुसरी गोष्ट आठवा: खळगा बुजतो. पूर ओसरताना मंदावलेलं पाणी गाळ टाकतं आणि खड्डा भरून निघतो. पाहणी करणारे मार्च-एप्रिलमध्ये येतात, त्यांना सपाट वाळू दिसते आणि 'तळ स्थिर' असा शेरा पडतो. प्रत्यक्षात वरची दोन-तीन मीटर वाळू मोकळी, कालपरवा भरलेली असते आणि पुढच्या पुरात पहिल्या झटक्यात जाते. हे पकडायची एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. उन्हाळ्यात नदीच्या तळात एक लोखंडी साखळी उभी पुरून ठेवायची. पुरात तळ जिथपर्यंत उकरला जातो तिथपर्यंतची साखळी मोकळी होऊन प्रवाहाच्या दिशेने आडवी पडते, वर पुन्हा वाळू बसते. पुढच्या उन्हाळ्यात खणून बघायचं. साखळी ज्या खोलीवर उभीची आडवी झाली, तिथपर्यंत नदी गेली होती.

त्या जानेवारीत मी घाटाच्या तळच्या पायरीपाशी उकिडवा बसलो होतो. पायरीच्या दोन चिऱ्यांमधला चुना निघून गेला होता. फटीत बोट घातलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि ओली, बारीक माती नखात आली. पायरीमागची भरावाची माती दरवर्षी त्या फटीतून थोडी थोडी बाहेर येत होती. पूर झपाट्याने उतरतो तेव्हा नदीतलं पाणी खाली जातं, पण घाटामागच्या मातीत मुरलेलं पाणी तेवढ्या लवकर निघत नाही. ते आतून बाहेर ढकलतं. भिंतीला पोट येतं ते यामुळे. अशा घाटाचा खालचा आधार भोवऱ्याने काढला आणि मागून पाण्याने ढकललं, तर चिरे नदीत उतरायला फार वर्षं लागत नाहीत.

याच खड्ड्यावर आपल्याकडे फार वाईट गोष्टी रचल्या गेल्या. पुलाचा खांब टिकत नाही, नदी बळी मागते, मुलं पळवून पायात गाडतात, ही अफवा लहानपणी मीही ऐकली आहे. अशा अफवांपायी मुलं पळवणारे समजून परक्या, निरपराध माणसांना मारहाण होते. खांब का टिकत नव्हता याचं उत्तर वर दिलं आहे. नदी जिथवर उकरते त्याच्या पुरेसा खाली पाया नेला की खांब टिकतो. नदीला आणखी काही द्यावं लागत नाही.

मग पात्रात खांबच नको, एका झेपेचा झुलता पूल टाकू, असं सुचणं साहजिक आहे. गोकाकला घटप्रभेवर, धबधब्याच्या डोक्याशी असा पूल आहे. पण गोकाकला नदी वालुकाश्माच्या खडकावरून वाहते. ५२ मीटरचा कडा ज्या दगडाचा, त्याच दगडावर तिथलं सगळं तोललेलं. अथणी-रायबागकडच्या कृष्णाकाठी खोल काळी माती आहे. तिथे झुलत्या पुलाचे दोर धरून ठेवायला दोन्ही काठांवर काँक्रीटचे मोठे ठोकळे पुरावे लागतील आणि त्यासाठी खणायची जागा बहुधा जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे थर असलेली जमीन असेल. शिवाय मनोरे शिखराच्या वर जातील. माझं मत असं, की घाटापासून दोन-तीनशे मीटर लांब, घाटाच्या प्रवाहाखालच्या बाजूला, मोजके गोल खांब आणि लांब गाळे असलेला ठेंगणा पोलादी पूल बरा. पाया घणाने ठोकून नको, छिद्र पाडून भरलेला हवा. ठोकण्याची कंपनं जुन्या चुन्याच्या बांधकामाला सोसत नाहीत. जर्मन मानकात अशा वास्तूंच्या पायाशी कमी वारंवारतेच्या कंपनांची मर्यादा सेकंदाला अवघे ३ मिलिमीटर आहे.

कायदा कुठवर साथ देतो? केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, हे १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने पक्कं झालं. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६१ चा आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीसारख्या वास्तूभोवती अशी रेषा आखता येते. पण मी ज्या कट्ट्यावर बसलो होतो तो घाट कुठल्याच यादीत नाही. पाराजवळचे वीरगळही नाहीत. अशा जागी कुणी मूल्यांकन मागितलं नाही तर ते होत नाही.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं, भोवऱ्यासकट. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बंधारा झाल्यापास्नं खालची दोन पावटणं गेली खरी. आमी म्हणायचो, खचली." मी विचारलं, कुठल्या बाजूची. त्यांनी काठीने दाखवली. बंधाऱ्याच्या शेवटच्या खांबाच्या रेषेतलीच होती.