मशीनवर रुपये की बाहत? बँकेचा मार्कअप आणि दुकानदाराची डीसीसी यांतला फरक

दादा-वहिनी मुलांना घेऊन थायलंडला जाऊन आले. अहमदाबादहून थेट बँकॉक, तिथून क्राबी, एकूण सहा रात्री. सगळा प्रवास काटकसरीने आखलेला होता. तिकिटं चार महिने आधी काढली होती, बॅगेत दोन डबे भाकरवडी आणि किलोभर लिला चिवडा होता, सकाळचा चहा-नाश्ता बहुतेक वेळा सेव्हन-इलेव्हनमधून. एवढं जपून वागल्यावर घरी आल्यावर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघितलं तर आकडा अंदाजापेक्षा बराच वर गेलेला. वहिनीने तो कागद आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी माझ्यासमोर पसरला आणि म्हणाली, "बघ, बँकेने मार्कअप लावून कसं कापलंय ते."

मी ओळ न् ओळ वाचली. बँकेने कापलं होतं, पण थोडं. खरी मोठी कापाकापी बँकॉकच्या हॉटेलच्या काउंटरवर झाली होती आणि तिला संमती दादानेच दिली होती, हिरवं बटण दाबून. आपण ज्याला सरसकट "कार्डाचा चार्ज" म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक तुमच्या बँकेचा मार्कअप, दुसरी समोरच्या मशीनची डीसीसी, म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. दोन्ही चलन बदलण्याचीच किंमत असल्यामुळे गल्लत होते.

आपल्या बडोद्याला हे नवीन नाही खरं तर. संस्थानात एके काळी दोन रुपये चालायचे, गायकवाडांचा बाबाशाही आणि इंग्रजांचा कलदार. एकाचा दुसरा करून घ्यायचा तर सराफ वटाव, म्हणजे बदलून देण्याचा मोबदला, घ्यायचा. सयाजीराव महाराजांच्या काळातच बाबाशाही बंद झाला आणि तो वटावही गेला. परदेशात कार्ड वापरताना विचारायचा प्रश्न मात्र तोच आहे: वटाव कोण घेतोय आणि त्याचा दर कुणी ठरवला?

आधी मार्कअप. तुम्ही बँकॉकमध्ये बाहतमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, बिल दिलंत की ती रक्कम व्हिसा, मास्टरकार्ड किंवा तुमचं जे नेटवर्क असेल त्याच्याकडे जाते. नेटवर्क आपल्या दराने बाहतचे रुपये करतं. हा दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो, आणि व्हिसा व मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर तारीख टाकून तो बघता येतो. त्यावर तुमची भारतातली बँक आपले टक्के लावते, तोच मार्कअप. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर तो साधारण २ ते ३.५ टक्के असतो, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ टक्क्यांचा मार्कअप प्रत्यक्षात ४.१३ टक्के पडतो. हा आकडा कार्ड घेतानाच्या शुल्कपत्रकात छापलेला असतो. निघायच्या आधी बघता येतो, दोन कार्डांची तुलना करता येते, आणि ज्याला "झिरो मार्कअप" म्हणतात तसं कार्ड घेऊन शून्यावरही आणता येतो.

डीसीसी याच्या आधीच्या टप्प्यावर घडते, तुमच्या बँकेपर्यंत व्यवहार पोचण्यापूर्वी. कार्ड मशीनमध्ये घातलं की पहिल्या काही आकड्यांवरून मशीनला कळतं की हे भारतातलं कार्ड आहे. मग ते विचारतं: बाहतमध्ये देणार की रुपयांत? रुपये निवडलेत तर चलन तिथल्या तिथे बदललं जातं, आणि दर असतो तो त्या दुकानदाराच्या बँकेचा किंवा तिने नेमलेल्या कंपनीचा. नेटवर्कचा दर तुम्हाला मिळतच नाही. या दरात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो, चार-पाच टक्के तर सहज, कित्येकदा त्याहून जास्त. त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो, म्हणून काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस स्वतःच मोठ्या प्रेमाने "इंडियन रुपी?" असं विचारतो.

त्या हॉटेलात काय झालं ते दादाला आठवत होतं. रात्री साडेअकराची वेळ, धाकटा खुर्चीत झोपलेला, मागे आणखी दोन कुटुंबं रांगेत. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर भारताचा झेंडा आणि रुपयांतली रक्कम, खाली थायलंडचा झेंडा आणि बाहतमधली. रुपये बघून बरं वाटलं, निदान किती गेले ते लगेच कळतंय. त्याने वरची ओळ निवडली. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत रूपांतराचा दर, त्यातला टक्का, आणि "मला चलनाची निवड दिली गेली होती" असं एक वाक्य छापलेलं होतं. त्याखाली त्याची सही.

आता आकडे मांडू. सोयीसाठी १ बाहत म्हणजे २.७० रुपये धरू, आणि दोन खोल्यांचं तीन रात्रींचं बिल ८,४०० बाहत. मूळ किंमत झाली २२,६८० रुपये. दादाने बाहत निवडले असते आणि कार्डाचा मार्कअप ३.५ टक्के असता, तर जीएसटीसकट सुमारे ९३७ रुपये वर गेले असते, एकूण २३,६१७. रुपये निवडल्यावर मशीनने ६ टक्के वाढीव दर लावला असं धरलं तर तिथेच २४,०४१ होतात.

आणि इथे थांबत नाही, म्हणून मला हे एवढं लिहावंसं वाटलं. आपल्याला वाटतं, रुपयांत दिले तर निदान बँकेचा चार्ज तरी वाचला. पण दुकान परदेशात आहे, व्यवहार रुपयांत झाला, तरी भारतातल्या अनेक बँका त्याला आंतरराष्ट्रीयच धरतात आणि त्यावर वेगळं शुल्क घेतात. काही कार्डांवर ते १ टक्का असतं, वर जीएसटी. ते धरलं की आणखी २८४ रुपये, एकूण २४,३२५. एकाच बिलावर दोन वटाव. झिरो मार्कअपचं कार्ड वापरून बाहत निवडले असते तर २२,६८० च्या आसपास काम झालं असतं. फरक १,६४५ रुपयांचा, फक्त एका बटणाचा आणि एका कार्डाचा. आमच्याकडे एवढ्यात सगळ्या घरादाराची शेव-उसळ दोन-तीन वेळा होते.

भाच्याचं तर याहून वाईट झालं. त्याने मुद्दाम झिरो मार्कअपचं कार्ड काढलं होतं आणि तो निर्धास्त होता. कार्डाने आपलं वचन पाळलंही, बँकेचा मार्कअप शून्यच लागला. पण प्रत्येक मॉलमध्ये तो रुपये निवडत गेला, त्यामुळे बँकेपर्यंत परकीय चलन पोचलंच नाही. ज्या सवलतीसाठी कार्ड काढलं, ती वापरायची वेळच आली नाही. झिरो मार्कअप तुम्हाला बँकेपासून वाचवतो, दुकानदाराच्या मशीनपासून नाही.

फॉरेक्स कार्डवाल्यांनीही हे नीट समजून घ्यावं. त्या कार्डात तुम्ही घरूनच बाहत किंवा डॉलर भरून नेता, त्यामुळे दर तेव्हाच पक्का होतो. देणाऱ्याची कमाई त्या दरातच असते, म्हणून "मार्कअप नाही" एवढ्यावर न जाता भरताना मिळालेला दर बाजारभावाशी ताडून बघा. कार्डात बाहत असताना बाहतमध्येच दिले तर पुढे काही लागत नाही. डॉलर भरून बाहतमध्ये खर्च केलात तर क्रॉस करन्सी शुल्क लागतं, आणि ते बऱ्याचदा साध्या कार्डाच्या मार्कअपएवढंच असतं. पण कार्डात बाहत असताना मशीनवर रुपये निवडणं सगळ्यात वाईट. बाहतचे रुपये झाले, आणि ते रुपये फेडायला पुन्हा तुमचे बाहत मोडले.

घरी बसून झालेलं ओळखायचं कसं? स्टेटमेंट उघडा. परकीय चलनात झालेल्या व्यवहारापुढे सहसा दोन रकमा दिसतात, बाहत किंवा डॉलर एकीकडे आणि रुपये दुसरीकडे. बहुतेक स्टेटमेंटमध्ये मार्कअपची ओळ वेगळी असते. दुकान बँकॉकचं, पण रक्कम फक्त रुपयांत, बाहतचा पत्ताच नाही, तर ती डीसीसी. वहिनीच्या कागदावर अशा अकरा ओळी निघाल्या.

रुपये निवडण्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, ती सांगायला हवी. स्थानिक चलनात दिलं की अंतिम दर व्यवहार नेटवर्कमधून पार पडतो तेव्हा लागतो, त्यामुळे आज फोनवर आलेला आकडा आणि दोन दिवसांनी स्टेटमेंटमध्ये चढणारा आकडा यांत थोडा फरक पडू शकतो. रुपयांत दिलं की रक्कम जागेवर पक्की. पण या खात्रीसाठी पाच-सहा टक्के मोजणं मला कधीच पटलेलं नाही. दोन दिवसांत बाहत एवढा क्वचितच हलतो.

काउंटरवर सांगायचं वाक्य एकच: "लोकल करन्सी, प्लीज." ते कार्ड देतानाच सांगायचं, मशीन हातात आल्यावर नाही, कारण बरेचदा निवड समोरचा माणूसच करून टाकतो आणि आपल्यापुढे नुसता पिन टाकायचा पडदा येतो. कार्ड टॅप केलं तरी पावती मागून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. त्यावर रुपये दिसले तर तो व्यवहार रद्द करून बाहतमध्ये पुन्हा करायला सांगता येतं. हे तेव्हाच सोपं असतं. हॉटेलबाहेर पडल्यावर बँकेकडे तक्रार करता येते, न विचारता चलन बदललं तर तो नियमभंगच आहे, पण पावतीवर तुमची सही असेल तर बाजू लंगडी पडते. हॉटेलांनी सुरुवातीला अनामत म्हणून रोखून ठेवलेल्या रकमेलाही हेच लागू. शेवटचं बिल देताना पुन्हा एकदा "लोकल" सांगायचं, कारण पहिली निवड तशीच पुढे चालू राहते असं धरून चालता येत नाही.

एटीएमवर भाषा जास्त फसवी असते. तिथे पडद्यावर येतं, अमुक दराने रूपांतर, मान्य की अमान्य. अमान्य केलं तर पैसेच निघणार नाहीत असं वाटून माणूस मान्य दाबतो. प्रत्यक्षात "डिक्लाइन कन्व्हर्जन" म्हणजे फक्त रूपांतर नको. रोख रक्कम येतेच, नेटवर्कच्या दराने. थायलंडमध्ये बहुतेक एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाहत किंवा त्याहून जास्त स्थानिक शुल्क लागतं, ते मात्र कुठलंही बटण दाबलं तरी चुकत नाही. म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढलेले बरे, आणि तेही डेबिट कार्डावर. क्रेडिट कार्डावर रोख काढली की व्याज पहिल्या दिवसापासून सुरू.

हेच सगळं घरबसल्याही घडतं. परदेशी विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या संकेतस्थळावर भाव रुपयांत दिसतो. कधी तो नुसता अंदाज असतो आणि वसुली स्थानिक चलनातच होते, कधी खरोखर रुपयांत वसूल केलं जातं. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर कुठलं चलन लिहिलंय ते वाचा. आणि रुपयांतलं बिल असलं तरी कंपनीची नोंदणी परदेशात असेल तर तोच वरचा १ टक्का लागू शकतो.

यूपीआयचा मामला वेगळा. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ अशा काही देशांत ठरावीक दुकानांमध्ये क्यूआर स्कॅन करून देता येतं, आणि पैसे जाण्याआधी रुपयांतली रक्कम ॲपवर दिसते. तिथे निवडीचं बटण नसल्यामुळे हा घोळ होत नाही. दिसलेला दर तेवढा बघून घ्यायचा.

निघण्याआधी आणखी एक. कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर चालू केलाय का ते बँकेच्या ॲपवर तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवीन कार्डांवर तो मुळात बंदच असतो. परक्या गावी रांगेत उभं राहून ते चालू करताना जी धांदल उडते, त्यात मग कुठलंही बटण दाबलं जातं.

या वर्षी वहिनीचा बेत व्हिएतनामचा आहे. तिथे बिलावर लाखांत आकडे येतात, एका रुपयाला शेकडो डोंग पडतात. एवढी शून्यं बघून कुणालाही रुपयांच्या ओळीचा आधार वाटेल. तिने आत्ताच दोन्ही कार्डांच्या मागे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर निळ्या शाईने लिहिलंय: डोंग.